फीत, मेमरी कार्ड आणि डीजेची नाममुद्रा : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील नव्या संगीताचा शोध व देवाणघेवाण

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना आपल्याकडे गायक, संगीतकार, घराणी आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांना मध्यवर्ती स्थान दिले जाते. श्रोता मात्र या इतिहासात बहुधा 'रसिक' या एका शब्दापुरता उरतो. नवे गाणे त्याच्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचले, त्याने ते दुसऱ्याला कसे दिले आणि या देण्याघेण्यातून पुढे कोणते संगीत जन्मास आले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि चित्रपटाबाहेरचे स्वतंत्र पॉप, म्हणजेच ज्याला आज 'इंडी' म्हणतात ते संगीत, यांचा विचार करताना तर हे प्रश्न टाळताच येत नाहीत. कारण या संगीताचा प्रसार प्रारंभापासून प्रतीवर, म्हणजे एका माणसाने दुसऱ्यासाठी काढलेल्या नकलेवर, अवलंबून राहिला आहे.

प्रस्तुत शोधनिबंधात मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची सुमारे अडीच लाख आणि बदलापूरची सुमारे पावणेदोन लाख होती. एवढ्या मोठ्या लोकवस्तीचा श्रवणेतिहास हा मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासाची तळटीप ठरू शकत नाही. ज्या स्वस्त प्रतीमुळे नवे संगीत या पट्ट्यात पोहोचले आणि स्थानिक कलावंतास स्वतःचा आवाज मिळाला, त्याच प्रतीच्या स्वभावामुळे या इतिहासाचा पुरावाही पुसला जात आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

छावणी, कारखाना आणि रेल्वे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीतील बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि 'उल्हासनगर' हे नाव रूढ झाले. आजही तेथील माणूस आपला पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतो. शेजारच्या अंबरनाथला इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराची परंपरा आहे. परंतु आधुनिक अंबरनाथ घडले ते आगपेट्यांचा विम्को कारखाना, आयुधनिर्माणी आणि पुढे औद्योगिक वसाहत यांच्यामुळे. बदलापूर प्रथम उल्हास नदीकाठचे गाव होते, पुढे मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यम व कनिष्ठ मध्यमवर्गाचे निवासी शहर झाले. या सर्वांच्या आधीपासून परिसरात आगरी, कोळी, कुणबी व आदिवासी समाजांची गावे आणि त्यांची गाणी होतीच.

निर्वासित, कामगार, नोकरदार आणि मूळ ग्रामस्थ अशा चार प्रवाहांना जोडणारा दुवा म्हणजे लोकल गाडी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर सुमारे ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर अंतरावर आहे. दररोज तीन तासांच्या आसपास वेळ डब्यात घालवणाऱ्या माणसासाठी गाडी हे श्रवणाचेही स्थान बनते. टाळ-ढोलकीच्या साथीने भजने गाणारी प्रवासी मंडळे हा मुंबईच्या लोकलचा सुपरिचित विशेष आहे. या भजनांत चित्रपटगीतांच्या चालींचा सर्रास वापर होतो. नवी चाल कानी पडली की ती उचलायची, तिच्यावर आपले शब्द बसवायचे आणि ठरलेल्या डब्यात ती इतरांना शिकवायची, ही रीत कोणत्याही यंत्राच्या आधीची आहे. पुढील काळातील 'रिमिक्स' संस्कृतीची मानसिक पूर्वतयारी या रीतीत शोधता येते.

रेडिओ : फर्माइशीचे युग

स्वातंत्र्योत्तर काळात नवे गाणे प्रथम कानी पडण्याचे मुख्य साधन रेडिओ हे होते. १९५२ नंतर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. श्रोत्यांची ही ओढ लक्षात घेऊनच ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा आरंभ करण्यात आला.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, श्रोत्याच्या आवडीने शासकीय धोरणास माघार घ्यावयास लावली. दुसरी गोष्ट फर्माइशीची. पोस्टकार्डावर आपले, भावंडांचे आणि शेजाऱ्यांचे नाव लिहून गाणे मागवणे हा केवळ ऐकण्याचा प्रकार नव्हता. आपल्या आवडीचे गाणे इतरांसोबत ऐकण्याचा तो सामाजिक व्यवहार होता. मात्र या व्यवहारावर एक मर्यादा होती. जे गाणे तबकडीवर नाही, ते रेडिओवरही येत नाही, आणि तबकडी काढणे सर्वांच्या आवाक्यातले नव्हते.

कॅसेट : प्रत आणि पुसणे

ही मर्यादा कॅसेटने मोडली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये जगापुढे आणलेली ही छोटी फीत भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. आखाती देशांत कामास गेलेल्यांनी येताना आणलेले 'टू-इन-वन', आयातीवरील सैल झालेली बंधने आणि देशातच सुरू झालेले फितींचे उत्पादन ही त्याची प्रमुख कारणे होत. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या सुपर कॅसेट्स म्हणजेच टी-सीरीज या कंपनीने स्वस्त कॅसेट पानवाल्याच्या आणि किराणा दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत नेली. ग्रामोफोन कंपनीची दीर्घकाळची मक्तेदारी त्यामुळे ढासळली. संगीताचे अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रकाशित झालेल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात दाखवून दिले आहे की, उत्पादनाचा खर्च उतरल्यामुळे प्रादेशिक भाषा, बोली आणि लहान समूह यांच्या संगीतास प्रथमच बाजारपेठ लाभली.

हे विवेचन उत्तर भारताविषयीचे असले तरी आपल्या पट्ट्यास ते नेमके लागू पडते. सिंधी ही स्वतःचे राज्य नसलेली भाषा. तिला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९६७ मध्ये. भगत कंवरराम यांच्या परंपरेतील गायन, लग्नप्रसंगीचे 'लाडा' आणि झूलेलालची भक्तिगीते यांना बराकीतून घर मिळवलेल्या पिढीने जिवापाड जपले. जी भाषा शाळेतून आणि रस्त्यावरून हळूहळू मागे सरत होती, ती फितीवर मुलांच्या कानी पडत राहिली.

दुसरा प्रवाह आंबेडकरी गीतांचा. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींची गीते जलशांतून आणि गायन पार्ट्यांतून गावोगाव पोहोचली होती. कॅसेटमुळे ती १४ एप्रिलला व ६ डिसेंबरला विक्रीच्या पथाऱ्यांवर मांडली गेली आणि घराघरांत वर्षभर वाजू लागली. कल्याणशी निगडित असलेल्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज भक्तिगीते, कव्वाली आणि भीमगीते या तिन्ही प्रकारांत महाराष्ट्रभर गाजला. पुढच्या पिढीतील आनंद शिंदे यांचे 'नवीन पोपट हा' हे गीत १९८० च्या दशकात कॅसेटच्याच बळावर घरोघरी पोहोचले. चित्रपटाच्या आधाराशिवाय, अल्प भांडवलावर, स्वतःच्या श्रोत्यांच्या जोरावर उभे राहिलेले संगीत यालाच 'स्वतंत्र' म्हणावयाचे असेल, तर या गायकांना मराठीतील पहिले इंडी कलावंत म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. हे बिरुद महाविद्यालयीन तरुणांच्या गिटारवादक गटांपुरते राखून ठेवण्यात एक वर्गीय व जातीय दृष्टी दडलेली आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

कॅसेटचे दुसरे अंग नकलेचे. दुकानात यादी द्यावी आणि साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या फितीवर हवी ती गाणी भरून घ्यावीत, ही सोय त्या काळी सर्वत्र उपलब्ध होती. उल्हासनगरविषयी तर 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद प्रसिद्धच आहे. त्यात गावाच्या नकलेच्या धंद्यावर बोट ठेवलेले असते. परंतु सर्वस्व मागे टाकून आलेल्या लोकांनी वस्तू उघडून, समजून घेऊन पुन्हा घडवण्याचे कौशल्य उपजीविकेसाठी कमावले, ही बाजू त्या विनोदात झाकली जाते. अर्थात या व्यवहाराची किंमत कलावंतांनीही मोजली. स्थानिक गायकास बहुधा एकरकमी मानधन मिळे. पुढील विक्रीत आणि नकलेत त्याचा वाटा नसे. १९८४ च्या दुरुस्तीने प्रताधिकारभंगाची शिक्षा कडक झाली, तथापि गीतकार व संगीतकार यांच्या स्वामित्वधनाच्या हक्कास भक्कम आधार मिळण्यासाठी २०१२ ची दुरुस्ती यावी लागली.

येथे फितीच्या एका यांत्रिक वैशिष्ट्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. कॅसेटच्या वरच्या कडेला असलेले दोन लहान पापुद्रे तोडले की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. पण त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की विकत घेतलेली कॅसेटही कोरी समजून वापरता येते. मुद्रण करताना यंत्रातील एक शीर्ष आधीचा ध्वनी पुसते आणि दुसरे नवा उमटवते. पैशाची चणचण असलेल्या घरात नवे गाणे मिळवायचे म्हणजे जुने पुसायचे, असा याचा सरळ अर्थ होतो. ज्यांच्याकडे कोऱ्या फिती घेण्याची ऐपत होती त्यांचे संग्रह टिकले; ज्यांची नव्हती त्यांचा श्रवणेतिहास त्यांच्याच हातांनी पुसला गेला.

इलेक्ट्रॉनिक ध्वनी : स्टुडिओतून मिरवणुकीकडे

ज्या वर्षांत कॅसेटचा प्रसार होत होता, त्याच वर्षांत मुंबईत इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासातील एक विलक्षण घटना घडली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२-८३ च्या सुमारास तीन जपानी विद्युत्‌वाद्यांच्या साहाय्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि ग्रामोफोन कंपनीने ती ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकास ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले. तेव्हा जगाच्या लक्षात आले की, शिकागो येथे १९८७ च्या सुमारास उदयास आलेल्या 'ॲसिड हाउस' शैलीशी तिचे आश्चर्यकारक साम्य आहे. एक तबकडी शिल्लक राहिली म्हणून हा शोध शक्य झाला. चरणजित सिंग यांना उतारवयात का होईना, पण हयातीत श्रेय मिळाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हाच इलेक्ट्रॉनिक ध्वनी उपनगरांत पोहोचला तो वेगळ्या वाटेने. कोकण-ठाणे परिसरातील मिरवणुकांत व हळदी समारंभांत वाजणारी बेंजो पार्टी सर्वांच्या परिचयाची आहे. यातील बेंजो म्हणजे वस्तुतः बुलबुलतरंग. त्याचे मूळ १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या 'ताइशोगोतो' या वाद्यात आहे. ध्वनिवर्धकास जोडलेल्या या वाद्यासोबत पुढे कीबोर्ड आला आणि १९८५ नंतर बाजारात आलेले ऑक्टोपॅड आले. आठ रबरी चौकटींवर काठी मारून ढोलकीपासून ड्रमपर्यंतचे आवाज काढणारे हे वाद्य वाजवण्यास जुन्या तालवादकास नव्याने हात बसवावा लागला नाही. आगरी घरांत धवलारणींनी गायलेल्या धवल्यानंतर अंगणात बेंजो आणि ऑक्टोपॅड वाजू लागणे, हे परंपरेचे विस्थापन नसून तिच्याशेजारी नव्याने मांडलेला पाट होता. ज्या श्रोत्यांनी 'इलेक्ट्रॉनिक संगीत' हा शब्दही ऐकला नव्हता, ते या ध्वनीवर नाचत होते.

अर्थात या ध्वनीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांनी रुग्ण, वृद्ध व विद्यार्थी यांना होणाऱ्या त्रासातून २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आणि उच्च न्यायालयाचे आदेश आले. सामूहिक श्रवण आणि दुसऱ्याचा शांततेचा हक्क यांतील हा ताण अद्याप मिटलेला नाही.

मेमरी कार्ड आणि नाममुद्रा

१९९० च्या दशकाच्या अखेरीस एमपीथ्री या संगणकीय स्वरूपाने गाण्याचा आकार घटवला. एका चकतीत शंभराहून अधिक गाणी मावू लागली आणि रेल्वे स्थानकांबाहेरील पथाऱ्यांवर अशा चकत्या दिसू लागल्या. २००५ ते २०१५ या दशकात त्यांची जागा भ्रमणध्वनीतील मेमरी कार्डाने घेतली. रिचार्जच्या दुकानात कार्ड द्यावे, दुकानदाराने संगणकातील भाषेनुसार व प्रकारानुसार लावलेल्या कप्प्यांतून ते भरून द्यावे, आणि मग मित्राने मित्रास ब्लूटूथने गाणे पाठवावे, अशी ही साखळी होती. दुकानदार हा या काळातील अनामिक संपादक होय. कोणते नवे गाणे वस्तीत पोहोचेल, हे त्याची निवड ठरवीत असे.

याच मार्गाने कोळीगीते, आगरी गीते आणि भीमगीते यांची 'डीजे' रूपे पसरली. बेल्जियममधील कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या 'फ्रूटीलूप्स' सारख्या प्रणालींमुळे घरातल्या एका संगणकावर ठेका रचणे शक्य झाले. या ध्वनिफितींवर ना मुखपृष्ठ असे, ना प्रकाशनवर्ष. मात्र बहुतेकांत एक गोष्ट ठळक असे : गाण्याच्या आरंभी किंवा मध्येच उच्चारलेले डीजेचे नाव. शिष्ट कानांना हा व्यत्यय वाटतो. परंतु मराठी परंपरेच्या संदर्भात पाहिल्यास त्याचे स्वरूप निराळे दिसते. संतांच्या अभंगात अखेरीस कवीचे नाव येते. लावणीत शाहिराचे आणि भीमगीतात लोककवीचे नाव गुंफलेले असते. मौखिक प्रसारात रचना हातोहात फिरते तेव्हा कर्तृत्व टिकवण्याचा एकच खात्रीचा उपाय असतो, तो म्हणजे नाव रचनेच्या आतच घालणे. डीजेचा उच्चार ही या अर्थाने नाममुद्राच होय. ज्याच्याकडे करार नाही, कंपनी नाही आणि कायद्याचे संरक्षणही नाही, कारण मूळ गाणे दुसऱ्याचे आहे, त्याने आपली सही ध्वनीत केली. इतिहासकाराच्या दृष्टीने अनेकदा हाच एकमेव पुरावा असतो.

जालावरील श्रवण

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानांचे प्रयोजन झपाट्याने संपुष्टात आले. यूट्यूब हे गाणे ऐकण्याचे आणि प्रकाशित करण्याचेही प्रमुख स्थान बनले. त्याचे फळ लक्षणीय आहे. २०२४ मध्ये संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' हे चित्रपटाबाहेरचे मराठी गीत देशाच्या सीमा ओलांडून गेले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हे हाउस शैलीतील मराठी गीत नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केले. मराठी शब्द आणि इलेक्ट्रॉनिक ठेका यांचे हे मीलन वृत्तपत्रांना नवलाईचे वाटले. बेंजो पार्टीपासून डीजे रूपांपर्यंतचा चाळीस वर्षांचा श्रोतृवर्ग लक्षात घेतला, तर त्यात नवल फारसे उरत नाही. या गीतांचा श्रोता आधीच तयार होता, आणि तो अशाच उपनगरांत तयार झाला होता.

तथापि देवाणघेवाणीचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी नवे गाणे ओळखीच्या माणसाकडून येई. आता ते बहुतांशी यंत्राच्या शिफारशीने येते. पूर्वी प्रत आपल्या हाती असे; आता आपल्याकडे केवळ दुवा असतो. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा त्यावरील असंख्य गाणी, नकला व नृत्ये भारतीय प्रेक्षकांच्या दृष्टीआड झाली. फीत पुसण्याचा निर्णय निदान घरातल्या माणसाचा होता. येथे तोही उरला नाही.

जतनाचा प्रश्न

छापील पुस्तकांसाठी १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकास आपल्या ग्रंथाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत द्याव्या लागतात. १९५६ मध्ये त्यात नियतकालिकांचाही समावेश झाला. ध्वनिमुद्रणांना मात्र या कायद्याचा आधार नाही. म्हणून एखाद्या तालुक्याच्या गावी छापलेले दहा पानी पुस्तक शंभर वर्षांनी सापडण्याची शक्यता असते. लाखोंनी ऐकलेल्या कॅसेटची ती नसते. त्यात दमट हवामानाने फितीवर बुरशी चढते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तशा पुरात माळ्यावरचे खोके वाचले तरी तळघरातले दुकान वाचत नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या विद्यमाने १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ध्वनिसंग्रहालयासारखी केंद्रे मोलाचे कार्य करतात. पण प्रत्येक वस्तीचे श्रवण जतन करणे एका केंद्राच्या कक्षेत येणे अशक्य आहे.

येथे स्थानिक महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरते. इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून घरातील कॅसेट, चकत्या व जुनी मेमरी कार्डे यांची यादी करून घ्यावी. वेष्टनावरील पत्ते, गायन पार्ट्यांची नावे आणि ध्वनीतील नाममुद्रा नोंदवाव्यात. धवलारणी, बेंजोवादक, ऑक्टोपॅडवादक व दुकानदार यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. यास मोठा खर्च लागत नाही. चालू स्थितीतील एक कॅसेट यंत्र, एक संगणक आणि सिंधी, आगरी व मराठी जाणणारे विद्यार्थी एवढी सामग्री या पट्ट्यातील कोणत्याही महाविद्यालयास मिळवता येईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. नव्या संगीताचा शोध हा या पट्ट्यात कधीही एकट्याचा व्यवहार नव्हता. डबा, फर्माइश, फीत, कार्ड अशी साधने बदलली तरी गाणे माणसाकडून माणसाकडे गेले. स्वस्त प्रतीमुळे सिंधी, आंबेडकरी आणि आगरी-कोळी संगीतास चित्रपटसृष्टीबाहेर स्वतःचा श्रोता मिळाला आणि त्यातूनच आजच्या मराठी इंडी व इलेक्ट्रॉनिक संगीताची भूमी तयार झाली. मात्र ज्यांनी हे संगीत सर्वाधिक ऐकले, त्यांच्याच घरात त्याचा पुरावा सर्वांत कमी उरला आहे. चरणजित सिंग यांची एक तबकडी वाचली आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास नव्याने लिहावा लागला. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील माळ्यांवर अशा किती नाममुद्रा वाचल्या जाण्याची वाट पाहत आहेत, हे ज्या पिढीने त्या फिती भरल्या ती हयात आहे तोवरच विचारता येईल.